दहा विंडो, एक स्क्रीन: स्नॅप, वेगळे डेस्कटॉप की फॅन्सीझोन्स?

टॅली, दोन एक्सेल, जीएसटी पोर्टल, मेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि वर चार-पाच पीडीएफ. रिटर्न भरायच्या आठवड्यात अकाउंट्सवाल्यांच्या स्क्रीनवर एवढी गर्दी असतेच. विंडोज ११ असेल तर ती आवरायला तीन मार्ग आहेत, तिन्ही फुकट. निवडण्याआधी एवढंच बघा: या विंडो तुम्हाला शेजारी-शेजारी दिसायला हव्यात, की एकमेकींच्या वाटेतून बाजूला?

शेजारी हव्या असतील तर स्नॅप. विंडोज की आणि डावा बाण दाबला की विंडो अर्ध्या स्क्रीनवर बसते. ही सोय २००९ च्या विंडोज ७ पासूनची. विंडोज ११ मध्ये मॅक्सिमाइझच्या बटणावर माउस नेला किंवा विंडोज + झेड दाबलं, की तयार मांडण्याच दिसतात. टूबी (जीएसटीआर-२बी, म्हणजे पोर्टलवर मिळणारा खरेदीवरच्या जीएसटीचा तक्ता) जुळवायला याहून चांगलं काही नाही: डावीकडे पोर्टलवरून उतरवलेली शीट, उजवीकडे परचेस रजिस्टर. मधली रेघ ओढली की दोन्ही विंडो मिळून लहान-मोठ्या होतात. अडचण जागेची. चौदा इंची लॅपटॉपवर अर्ध्या एक्सेलमध्ये जीएसटी नंबर दिसतो, रक्कम उजवीकडे गडप होते. तीन उभ्या भागांची मांडणी तर लहान स्क्रीनवर विंडोज देतच नाही.

पण खरा गोंधळ बहुतेक वेळा जागेचा नसतो, कामांच्या सरमिसळीचा असतो. त्यावर औषध म्हणजे वेगळे डेस्कटॉप, म्हणजेच व्हर्च्युअल डेस्कटॉप. हे २०१५ च्या विंडोज १० बरोबर आले, तरी कितीतरी जण अजून त्यांच्या वाटेला जात नाहीत. विंडोज + कंट्रोल + डी ने नवा उघडतो, विंडोज + कंट्रोल + बाणाने इकडून तिकडे जाता येतं. दर पार्टीला, म्हणजे ज्याचे हिशेब बघता त्या प्रत्येकाला, एक डेस्कटॉप द्या, नाव द्या, जमलं तर वॉलपेपरही वेगळा ठेवा. टास्कबारवर त्याच पार्टीच्या विंडो दिसतात, त्यामुळे एकाची एंट्री दुसऱ्याच्या शीटमध्ये पडायचा धोका बराच कमी होतो. व्हॉट्सअ‍ॅप सगळीकडे हवं असेल तर विंडोज + टॅब दाबून त्यावर राइट क्लिक करा, सगळ्या डेस्कटॉपवर दाखवायचा पर्याय तिथे आहे.

यातून भलत्या अपेक्षा मात्र नकोत. डेस्कटॉपवरच्या फाइल सगळीकडे त्याच दिसतात, रॅमही वाचत नाही. मशीन रीस्टार्ट केलं की डेस्कटॉप आणि त्यांची नावं राहतात, विंडो पुन्हा आपल्याच हाताने लावाव्या लागतात.

फॅन्सीझोन्स मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या छोट्या टूल्सच्या संचात येतं, ते वेगळं इन्स्टॉल करायचं. स्क्रीनचे हवे तसे भाग आखायचे आणि शिफ्ट दाबून विंडो त्यात सोडायची. चौतीस इंची रुंद मॉनिटर असेल तर जरूर घ्या. लॅपटॉपवर उगाच खटाटोप, त्यात ऑफिसच्या मशीनवर आयटीची परवानगी मागत बसा.

लॅपटॉपवाल्यांनी सरळ दर पार्टीला एक डेस्कटॉप ठेवावा आणि जुळवणीपुरता त्यातच स्नॅप वापरावा. दुसरा मॉनिटर जोडणार असाल तर एक लक्षात ठेवा: डेस्कटॉप बदलला की दोन्ही स्क्रीन एकदम बदलतात. बाजूच्या मॉनिटरवर पोर्टल कायम दिसायला हवं असेल, तर त्या विंडोलाही व्हॉट्सअ‍ॅपसारखंच सगळीकडे दाखवायला सांगावं लागतं.