ट्रोव्ह : १९३१ ची जुनी वर्तमानपत्रं घरबसल्या

धुळ्याच्या राजवाडे मंडळात दफ्तरं चाळणाऱ्यांना ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची ट्रोव्ह ही जुनी वर्तमानपत्रं शोधायची फुकट ऑनलाइन सेवा लगेच आवडेल. १९३१ घ्या. २३ फेब्रुवारीला गायिका नेली मेल्बा, १४ सप्टेंबरला चित्रकार टॉम रॉबर्ट्स, ८ ऑक्टोबरला जनरल जॉन मोनॅश. एकाच वर्षात तिघं गेले.

शोधताना नुसतं 'मेल्बा' टाकलंत तर मैफलींच्या जाहिरातींचा ढीग अंगावर येतो. म्हणून आधी 'वर्तमानपत्रं' हा विभाग निवडा, तारीख २३ ते २८ फेब्रुवारी ठेवा आणि 'डेम नेली मेल्बा' हे अवतरण चिन्हांत इंग्रजीत टाइप करा. मृत्युलेख बहुधा दुसऱ्या दिवशीच्या अंकात सापडतो.

खरी डोकेदुखी मजकुराची. यंत्राने वाचलेली अक्षरं पुसट छपाईत चुकतात, 'ई'चा 'सी' होतो आणि नाव शोधात येतच नाही. मग आडनाव सोडून 'चित्रकार', 'निधन' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द द्या. पानाच्या चित्राशेजारच्या रकान्यात हा यंत्राने वाचलेला मजकूर दिसतो, त्यातली चूक वाचकालाच दुरुस्त करता येते, हे झकास! बहुतेक अंक १९५४ पर्यंतचेच आहेत, पण या कामाला तेवढे पुरतात. पानांची चित्रं जड असतात. नेट रडतं असेल तर फक्त मजकूर उतरवून घ्या.