नवशिक्याचा पहिला काइट संच: कुठे पैसे घालावेत, कुठे हात आखडावा

काइटबोर्डिंगचा, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीवर पाण्यावर बोर्ड चालवायच्या खेळाचा, पहिला संच घेताना बहुतेक जण आधी बोर्ड पाहतात, मग काइटचा रंग, आणि बार (काइट चालवायचा दांडा) काइटसोबत येईल तो घेतात. क्रम उलटा हवा. शिकण्याच्या पहिल्या हंगामात काइट शंभरदा पाण्यात पडणार, बार चुकीच्या वेळी आत ओढला जाणार आणि लाइनी (बार आणि काइट जोडणाऱ्या दोऱ्या) गुंतणार. तुम्ही चुकता तेव्हा सामान कसं वागतं, हीच या संचाची परीक्षा. वेग आणि उडी हे पुढच्या संचाचे विषय. ही सगळी चर्चा प्रशिक्षण घेतल्यानंतरच्या खरेदीची आहे. प्रशिक्षकाशिवाय, नुसत्या सामानाच्या भरवशावर पाण्यात उतरू नये.

काइटपासून सुरुवात करू. दुकानात सारखे दिसणारे काइट वागणुकीत फार वेगळे असतात. नवशिक्यासाठी हवा फुगवायचा, तीन स्ट्रटचा (हवा भरलेल्या फासळ्यांचा), कमी ते मध्यम अॅस्पेक्ट रेशोचा, म्हणजे फार लांबट-अरुंद नसलेला, पसरट बो किंवा डेल्टा घाटाचा काइट. ओझोन कॅटालिस्ट, नेश पिव्होट आणि स्लिंगशॉट रॅली ही या जातीची चांगली उदाहरणं. उलट ड्युओटोन रेबेल किंवा कोर एक्सआर हे लांबट, पाच स्ट्रटचे काइट आपापल्या कामात उत्तम आहेत, पण ते काम उंच उड्यांचं. त्यांचा वेग आणि उचल झेलायला सवयीचे हात लागतात. कुणी सवलतीत देतोय म्हणून पहिला काइट असा घेऊ नका.

डेल्टाचा सर्वात मोठा गुण रीलाँचचा, म्हणजे पाण्यात पडलेला काइट पुन्हा उठवण्याचा. काइट लीडिंग एजवर (पुढच्या फुगवलेल्या कडेवर) पाण्यात पडला की एका बाजूची स्टिअरिंग लाइन ओढून धरायची. चांगला डेल्टा आपसूक कडेवर वळतो, सरकत विंडोच्या (वाऱ्यात काइट उडू शकतो त्या पट्ट्याच्या) टोकाला जातो आणि तिथून वर उठतो. जुन्या सी-घाटाच्या (इंग्रजी सी अक्षरासारख्या खोल कमानीच्या) काइटला हेच करायला बराच वेळ आणि ताकद लागते, आणि तोवर वारा आणि प्रवाह तुम्हाला वाऱ्याच्या दिशेने खाली वाहून नेत असतात. दुसरा गुण डीपॉवरचा: बार पुढे सोडला की ओढ खरोखर उतरली पाहिजे. २००५च्या सुमारास बो काइट बाजारात आले तेव्हा हाच मोठा बदल घडला. त्याआधीचे काइट बार पूर्ण सोडला तरी ओढतच राहायचे. म्हणून २००६ आधीचा काइट फुकट मिळाला तरी नको.

रॅम-एअर म्हणजे फुगवायची गरज नसलेले फॉइल काइटही पहिल्या खरेदीत बसत नाहीत. पाण्यात पडून पीळ बसला तर ते सोडवणं नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचं असतं. २ ते ३ चौरस मीटरचा जमिनीवर सरावाचा ट्रेनर काइट मात्र उपयोगी आहे. विंडो कुठे संपते आणि ओढ कुठे वाढते, हे हाताला कळतं. पण प्रशिक्षणात तो मिळणारच असेल तर विकत घेऊ नका, त्या पैशात हेल्मेट आणि जॅकेट येईल.

आकाराचा अंदाज घ्यायला एक ढोबळ हिशोब वापरतात: वजन किलोत, भागिले वारा नॉटमध्ये (सागरी मैल प्रतितास), गुणिले २.२. ७५ किलोच्या माणसाला १५ नॉट वाऱ्यात ११ चौरस मीटर येतात, २० नॉटला ८ च्या थोडं वर. म्हणून अशा वजनाच्या माणसाला १२ आणि ९ ही जोडी बहुतेक दिवस पुरते. ६० किलोला १० आणि ७, ९० च्या पुढे १४ आणि १० किंवा ११. पहिला एकच घ्यायचा असेल तर तुमच्या पाण्यावर ज्या वाऱ्याचे दिवस जास्त, त्या वाऱ्याचा घ्या. दोन आकारांत मन अडकलं तर छोटा. वाऱ्याचं बळ वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं: १५ वरून २० नॉट झालं की ओढ सुमारे पावणेदोन पट होते. छोट्या काइटने फार तर त्या दिवशी बोर्डवर उभं राहता येणार नाही, मोठ्या काइटने झोत आला की तो तुम्हाला उचलून नेतो.

आता बार. या संचातली सर्वात महत्त्वाची वस्तू हीच, आणि जुन्या सामानात लोक इथेच फसतात. बार नवा घ्या, काइट जुना चालेल, हे माझं ठाम मत आहे. कारण क्विक रिलीज, म्हणजे काइटपासून झटकन सुटायची कळ. बारला अंगावरच्या हार्नेसशी (पट्ट्याशी) जोडणाऱ्या फासाच्या, म्हणजे चिकन लूपच्या, वरचा तो भाग पुढे ढकलला की लूप हार्नेसच्या हुकातून सुटतो, बार एकाच फ्रंट (पुढच्या) लाइनवरून वर सरकतो आणि काइट ओढ टाकून पाण्यावर पसरतो. तुम्ही सेफ्टी लीशने (सुरक्षेच्या दोरीने) त्याच लाइनीशी जोडलेले राहता. लीशलाही स्वतःचा वेगळा रिलीज असतो. काइट तरीही ओढत राहिला तर तो शेवटचा मार्ग. या रिलीजसाठी आयएसओ २१८५३ हे मानक २०२० पासून आहे. बार त्या मानकाचा आहे का हे दुकानात विचारा, आणि नुसतं ऐकून समाधान मानू नका. हार्नेस घालून, कुणाला तरी लाइनी ओढायला लावून, ताणाखाली तीनदा रिलीज करून बघा. मग डोळे मिटून तो पुन्हा जोडून बघा, कारण लाटांत, थरथरत्या हातांनी हेच करायचं आहे. जोडायला दोन्ही हात आणि दात लागत असतील तर तो बार परत ठेवा.

बारची रुंदी ९ ते १२ च्या काइटला साधारण ५० सेंटीमीटर, लहान काइटला ४५. काही बारांची टोकं फिरवून दोन्ही रुंदी मिळतात, दोन काइट घेणाऱ्याला ही सोय पैसे वाचवते. लाइनी २२ ते २४ मीटर ठेवा. बार आत-बाहेर सरकतो ते अंतरही बघा: उंची कमी असेल आणि हे अंतर मोठं असेल तर पूर्ण सोडलेला बार हाताच्या टप्प्यात येत नाही, आणि घाबरलेला माणूस नेमका तेव्हाच त्याच्यामागे झेपावतो. ट्रिमची (ओढ कमी-जास्त करायची) दोरीही बसल्या जागी हाताला लागली पाहिजे. बारची डावी बाजू लाल असते. ती डाव्या हातात आली की काइट सरळ आहे.

बार शक्यतो काइटच्याच कंपनीचा घ्या. फ्रंट लाइनी जिथे दोन होतात तो जोड काही बारांवर खाली असतो, काहींवर उंच. काइट एका रचनेसाठी आखलेला आणि बार दुसरीचा असेल तर वळण आणि डीपॉवर दोन्ही बिघडतात. बहुतेक कंपन्या काइटच्या पुढच्या टोकांना गाठ आणि मागच्या टोकांना फास ठेवतात, म्हणजे चुकीची लाइन जोडताच येऊ नये. दोन कंपन्यांचं मिश्रण केलं की ही सुरक्षितता निघून जाते.

लाइनींची लांबी हा नवशिक्याचा न दिसणारा शत्रू. पुढच्या दोन लाइनी जास्त भार घेतात, त्यामुळे त्या मागच्यांपेक्षा जास्त ताणतात. मागच्या त्या मानाने आखूड राहिल्या की बार सोडलेला असतानाही काइट ओढलेल्या अवस्थेत असतो. तो विंडोत मागे बसतो, आणि घाबरून बार आत घेतला की उलटा पाण्यात कोसळतो. माणसाला वाटतं आपलंच चुकतंय, पण ते लाइनींचं असतं. तपासायला चारही टोकं एका खिळ्याला अडकवा, ट्रिम पूर्ण मोकळी सोडा, बार तळापर्यंत ओढून धरा. चारही लाइनी सारख्या ताणल्या गेल्या पाहिजेत. दोन-तीन सेंटीमीटरचा फरकही जाणवतो. मागच्या लाइनींवर जादा गाठी दिलेल्या असतात, तिथे एक गाठ पुढे करून लांबी वाढवता येते. नव्या बारचं हे काम सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतर एकदा करावंच.

वापरलेला काइट घ्यायचा तर अर्धा दिवस हाताशी ठेवा. तो पूर्ण फुगवा, स्ट्रटकडे जाणाऱ्या नळ्यांच्या क्लिपा लावा म्हणजे प्रत्येक ब्लॅडर (आतली हवेची पिशवी) वेगळा होतो, आणि काही तास तसाच राहू द्या. नरम पडलेला भाग गळका. गळतीची जागा साबणाच्या पाण्याने सापडते. छोटं भोक किरकोळ असतं. पण व्हॉल्व्हच्या तळाचा गोंद पिवळा पडून सुटत असेल तर तो आजार पुन्हापुन्हा येतो. कापड उन्हासमोर धरून सुयांएवढ्या भोकांसाठी पाहा. मग दोन बोटांत चुरगाळा: नव्या कापडाचा कडकड आवाज येतो, उन्हाने मेलेलं कापड रुमालासारखं मऊ, गप्प असतं. मागची कड फडफडून फाटलीय का, लीडिंग एज जमिनीवर घासते तिथली शिलाई उसवलीय का, ब्रायडलच्या (लीडिंग एजला जोडलेल्या आखूड दोऱ्यांच्या) पुली बोटाने फिरतात का हे पाहा. एखादं व्यवस्थित शिवलेलं ठिगळ चालेल, पण लीडिंग एजची लांब शिलाई पुन्हा मारलेली दिसली तर सौदा सोडा. जुना बार काइटसोबत गळ्यात मारला जात असेल तर बारच्या मधल्या भोकातून जाणारी डीपॉवर लाइन बघा. ती तिथेच घासून झिजते. लाइनींमधल्या गाठी सोडवल्याशिवाय वापरू नका, गाठीपाशी लाइनीची ताकद बरीच कमी होते.

बोर्डावर एवढा वेळ घालवायची गरज नाही. मोठा, रुंद, कमी बाक असलेला ट्विन-टिप (दोन्ही टोकं सारखी असलेला बोर्ड) घ्या: ५५ ते ६५ किलोला १३६ बाय ४१ सेंटीमीटरच्या आसपास, ६५ ते ८० ला १४० बाय ४२, त्यापुढे १४५ बाय ४४. सपाट बोर्ड लवकर तरंगतो आणि वाऱ्याविरुद्ध चढायला मदत करतो, आणि नवशिक्याचं खरं दुखणं तेच असतं: निघालेली जागा सोडून वाऱ्याच्या दिशेने खाली खाली जात राहणं. दीडशेच्या पुढचे बोर्ड हलक्या वाऱ्याचे. झोतांत ते पायाखाली धरून ठेवणं कठीण. फूटस्ट्रॅप इतके घट्ट नकोत की पडताना पाय निघणार नाही. ४ ते ५ सेंटीमीटरचे फिन असू द्या, त्यांचे स्क्रू ढिले होतात म्हणून स्क्रूड्रायव्हर जवळ ठेवा. बोर्ड जुना चालतो, फक्त कडा उकललेल्या नसाव्यात आणि स्क्रूची भोकं गंजलेली नसावीत. बोर्डची लीश कुणी दिली तर घेऊ नका. ती ताणते आणि बोर्ड उसळून डोक्यावर येतो. बोर्ड परत मिळवायला अंग वाऱ्याविरुद्ध ओढत नेणं शिकायचं असतं.

हार्नेस दोन प्रकारचे असतात: कमरेचा आणि सीट. नवशिक्याचा काइट बहुतेक वेळ डोक्यावर असतो, त्यामुळे ओढ वरच्या दिशेने येते आणि कमरेचा हार्नेस बरगड्यांपर्यंत चढतो. सीट हार्नेसला मांड्यांचे पट्टे असल्याने तो जागेवर राहतो. कंबर नाजूक असेल किंवा पोट असेल तर निःसंकोच तोच घ्या. कमरेचा हवा असेल तर दुकानात वरच्या हुकाला पाच मिनिटं लटकून बघा: स्प्रेडर बार (हुक असलेली आडवी पट्टी) बेंबीजवळ राहिला पाहिजे. ओला झाल्यावर हार्नेस सैल पडतो, म्हणून कोरडा असताना तो किंचित जास्तच घट्ट वाटावा. हुक-नाईफचा (गुंतलेल्या लाइनी कापायच्या सुरीचा) खिसा असलेला घ्या आणि नाईफ खरोखर त्यात ठेवा.

इम्पॅक्ट जॅकेट आखूड हवं, नाहीतर ते हार्नेसला वर ढकलतं. ते मार झेलतं आणि थोडं तरंगवतं, पण लाइफजॅकेटची जागा घेत नाही. हेल्मेट पाण्याच्या खेळाचं, निचऱ्याच्या भोकांचं असावं. सायकलचं नको.

पंपाकडे कुणी लक्ष देत नाही, पण द्यायला हवं. मोठ्या नळीचा, गेज असलेला घ्या आणि त्याचं तोंड तुमच्या काइटच्या व्हॉल्व्हला बसतं का ते तिथेच पाहा. दाब काइटवर छापलेला असतो, बहुधा ६ ते ८ पीएसआय, आणि लहान काइटला जास्त. हात दुखले म्हणून ४ वर थांबणारे पुष्कळ दिसतात. असा काइट झोतात मधून दुमडतो, पडल्यावर लीडिंग एज कडक नसल्याने कडेवर वळत नाही, आणि रीलाँचची सगळी खुबी वाया जाते. फुगवताना काइट पंपाच्या दोरीला बांधा आणि पंप पायाखाली ठेवा.

पैसे अपुरे असतील तर क्रम असा: नवा बार, अंगावर बसणारा हार्नेस, हेल्मेट, दोन-तीन वर्षांचा जपून वापरलेला काइट, आणि शेवटी कुणाचाही जुना मोठा बोर्ड. दुकानाचा तयार संच घेताना त्यातला बार आणि हार्नेस बदलून मिळतो का ते आधी विचारा. बहुतेक संचांत काइट आणि बोर्ड ठीक असतात, हार्नेस मात्र सरसकट एकाच मापाच्या अंदाजाने दिलेला असतो. घरी आणल्यावर रिलीज गोड्या पाण्याने धुवायची सवय लावा, कारण वाळूचे दोन कण आत अडकले तरी तो ऐनवेळी सरकत नाही. दर वेळी काइट उडवण्याआधी रिलीज एकदा ताणाशिवाय सोडून पाहा.