ऑडॅसिटी : घरच्या गाण्याच्या मुद्रणासाठी

घरी रियाज मुद्रित करण्यासाठी मी गेली काही वर्षे ऑडॅसिटी वापरतो. २००० सालापासून मोफत उपलब्ध असलेले हे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते, आणि ख्याल गाणाऱ्याच्या गरजा ते उत्तम भागवते. मात्र त्यातील गोंगाट कमी करण्याची सोय समजून घेतल्याशिवाय वापरू नये.

ही सोय अशी चालते: निव्वळ गोंगाट असलेला एक-दोन सेकंदांचा तुकडा निवडून त्याचा नमुना द्यायचा आणि मग संपूर्ण मुद्रणावर ती क्रिया करायची. पंख्याची घरघर यामुळे सहज निवळते. परंतु नमुना घेताना तानपुरा चालू असेल, तर त्याचा अखंड नादही गोंगाटातच धरला जातो, जवारी, म्हणजे तारांचा झणकारता नाद, पुसली जाते आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा घुमू लागतो. माझी एक चांगली जमलेली बैठक अशीच वाया गेली. तेव्हापासून तानपुरा सुरू करण्यापूर्वी दहा सेकंद नुसती खोली मुद्रित करतो आणि गोंगाट कमी करण्याचे प्रमाण ६ ते ८ डेसिबलवरच ठेवतो. थोडी घरघर उरली तरी चालते. स्वराची कड बोथट होता कामा नये.

पातळीचे काम मात्र गाण्यापूर्वीच उरकावे. तारसप्तकातील सर्वांत जोरकस तानेलाही मीटर उणे ६ डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नये, कारण शून्य डेसिबलच्या कमाल मर्यादेवर आदळून चिरलेला आवाज मागाहून खऱ्या अर्थाने दुरुस्त होत नाही. उलट फारच हळू मुद्रित केलेले गाणे नंतर वाढवले, तर पंखाही तितकाच वाढतो.

विजेच्या गुणगुणीसाठी असलेल्या नॉच फिल्टरमध्ये (ठरावीक कंप्रतेचा आवाज कापणाऱ्या सोयीत) मुळात ६० हर्ट्झ हा अमेरिकी आकडा असतो. आपल्याकडे तो ५० करावा लागतो. त्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा, माझी बरीचशी गुणगुण तेवढ्यानेच गेली. १५० हर्ट्झवरील (५० च्या तिपटीवरील) तिचा उपस्वर कापताना विशेष जपावे, कारण काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गाणाऱ्या पुरुषाचा मध्य सप्तकातील कोमल रिषभ १४७ हर्ट्झच्या आसपास असतो, आणि रुंद फिल्टर लावल्यास भैरवातला नेमका तोच स्वर क्षीण होतो.