नामपट्टी जुनी, इंजिन नंतरचे: जुन्या हेज ट्रिमरच्या खरेदीत झालेली फसवणूक

इंजिनवर चालणारी जुनी हेज ट्रिमर, म्हणजे कुंपणाची झुडपे छाटणारी यंत्रे विकत घेऊन ती पुन्हा चालती करण्याची ज्यांना आवड आहे, त्यांनी सावध राहावे म्हणून हा अनुभव लिहीत आहे. १९५०च्या दशकातील, मूळ इंजिनासह आणि संपूर्ण दुरुस्त केलेले, असे लेखी सांगून एका विक्रेत्याने मला एक यंत्र विकले. प्रत्यक्षात त्यातील पाती, गिअरबॉक्स आणि नामपट्टी एवढेच त्या काळातील होते. इंजिन बऱ्याच नंतरच्या एखाद्या यंत्रावरून काढून बसवलेले होते आणि दुरुस्ती रंगाच्या पलीकडे गेलेली नव्हती.

यंत्र दाखवताना त्याने ते आधीच चालवून गरम केलेले होते आणि ते पहिल्याच ओढीला सुरू झाले. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, त्यामुळे कार्ब्युरेटरचे (हवा-पेट्रोलचे मिश्रण करणाऱ्या भागाचे) आणि कमी झालेल्या कॉम्प्रेशनचे (सिलिंडरमधील दाबाचे) दोष बहुधा थंड असतानाच उघडे पडतात. सायलेन्सर हात लावता येणार नाही इतका गरम असेल, तर ते यंत्र पूर्ण निवल्यावरच पुन्हा सुरू करून दाखवण्याचा आग्रह धरावा. फ्लायव्हीलवरचे, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकावरचे, झाकण उघडण्याची विनंती मात्र त्याने ‘स्क्रू जाम आहेत’ असे सांगून टाळली, आणि खरी गोम त्या झाकणाखालीच होती.

त्या काळच्या टू-स्ट्रोक इंजिनात ठिणगीसाठी मॅग्नेटो, म्हणजे फिरत्या चुंबकापासून वीज तयार करणारी रचना, असे आणि फ्लायव्हीलखाली ठिणगीच्या वेळी विजेचा मार्ग तोडणारे काँटॅक्ट पॉइंट व त्यांना जोडलेला कंडेन्सर असत. इथे झाकण काढल्यावर पॉइंटचा मागमूस नव्हता. फ्लायव्हीलच्या कडेला प्लास्टिकने बंद केलेले, पॉइंटचे काम करणारे इलेक्ट्रॉनिक मोड्यूल होते. पॉइंटचा त्रास नको म्हणून पुढे कोणीतरी मोड्यूल बसवले असेल, अशी शंका कोणीही घेऊ शकेल आणि ती रास्त आहे. पण तसे असते तर पॉइंटची बैठक ज्यावर बसते ती भोके क्रँककेसच्या, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या धातूच्या पेटीच्या, ओतीव भागात उरली असती. तिथला पृष्ठभाग कोरा होता. क्रँककेसचे झाडून सगळे स्क्रू सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे, म्हणजे टॉर्क्स जातीचे होते, आणि ती खाच १९६७ साली निघाली. पेट्रोलच्या टाकीच्या तळाशी बाणांचा त्रिकोण आणि त्यात आकडा होता. प्लास्टिकचा प्रकार सांगणारी ही खूण १९८८ पासूनची आहे. टाकी बदललेली असू शकते, म्हणून एकट्या टाकीवरून निष्कर्ष काढू नये, परंतु क्रँककेसचे ओतकाम कोणी सहज बदलत नाही.

नामपट्टी नीट पाहिली असता तिचे कोपरे उचकटल्याप्रमाणे किंचित वळलेले होते आणि रिव्हेटची डोकी ताज्या रंगावर चकचकीत बसलेली होती. आधी रंग, मग पट्टी, असा हा क्रम होता.

दुरुस्तीचा दावाही तितकाच पोकळ निघाला. कार्ब्युरेटरमधील डायफ्रॅम (पातळ पडदा) मऊ आणि लवचीक हवा; इथला जुनाच होता आणि पुठ्ठ्यासारखा कडक झालेला होता. सिलिंडरच्या पाखांमध्ये पानांचा भुगा आणि तेल यांचा थर तसाच ठेवून त्यावर चंदेरी रंग फवारलेला होता, म्हणजे हवेने इंजिन थंड होण्याची वाटच बंद केलेली होती. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च टाकला, तेव्हा पिस्टनवर उभे ओरखडे स्पष्ट दिसले. क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) सील घट्ट न बसता हवा आत खेचू लागले, की पेट्रोलचे प्रमाण घटते आणि टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलसोबतच येत असल्यामुळे वंगणही कमी पडते. पिस्टन तापून सिलिंडरला घासतो. असे इंजिन गरम असताना चालेलही, पण पाती कामाला लावली की फार काळ टिकत नाही. सायलेन्सर सहसा मोजक्याच बोल्टवर असतो, तेव्हा व्यवहारापूर्वी तो उघडून दाखवायला नकार मिळाला तर तो व्यवहार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

विचारणा केल्यावर विक्रेता म्हणाला की जुन्या यंत्रांचे भाग बदललेलेच असतात. हे खरेच आहे, आणि दुसऱ्या इंजिनाचे यंत्र तसे सांगून विकले असते तर माझी तक्रार नव्हती. त्यानंतर त्याने इंजिन मीच बदलले असा उलटा आरोप केला. यंत्र खोलण्याआधीचे, प्रत्येक झाकण उघडतानाचे आणि खोलेपर्यंत अखंड असलेल्या रंगाच्या थराचे फोटो माझ्याकडे क्रमाने होते, शिवाय ‘मूळ इंजिन’ हे शब्द असलेला त्याचा संदेशही जपून ठेवलेला होता. ते समोर ठेवल्यावर त्याने बरीच कुरकुर करून यंत्र परत घेतले. वाहतुकीचा खर्च मात्र बुडाला तो बुडालाच.