'नायगारा' ब्रिगचा लाकडी संच: तोफा चोख, फळ्या जपून

राजारामपुरीतल्या एका हॉबी दुकानात मिळणारा 'नायगारा' या अमेरिकी ब्रिगचा (दोन डोलकाठ्यांचं शिडाचं लढाऊ जहाज) हा १:६४ मापाचा संच घ्यावा तो तोफांसाठी. १८ आखूड कॅरोनेड (जड गोळ्याच्या, पण कमी पल्ल्याच्या तोफा), २ लांब तोफा, हिशेब बरोबर. १० सप्टेंबर १८१३ ला अमेरिका-ब्रिटन युद्धात ईरी सरोवरात याच आखूड पल्ल्यामुळे 'नायगारा'च्या जोडीची 'लॉरेन्स' ब्रिटिशांच्या लांब तोफांपुढे दुरूनच झोडपली गेली. 'लॉरेन्स'वरचा अमेरिकी ताफ्याचा प्रमुख पेरी होडीतून 'नायगारा'वर आला, वाऱ्यासोबत ब्रिटिश रांगेत घुसला आणि दोन्ही बाजूंनी जवळून मारा केला. सरोवर ब्रिटिशांच्या हातून गेलं, त्यांची रसद तुटली, ब्रिटिशांनी डेट्रॉइट सोडलं; वायव्य आघाडीचा निकाल तिथेच लागला.

फळ्या १५-२० मिनिटं भिजवून वाकवा, पूर्ण सुकल्यावरच चिकटवा. ओल्या लावल्या तर आकसून फटी पडतात. कोल्हापुरी पावसाळ्यात हे काम काढूच नका. रंकाळ्यात सोडायचं मॉडेल नाही हे! दोरे फार जाड, बदलाच.