त्वचापेढीची घरपोच सेवा: आमचा अनुभव

सासूबाई पहाटे चारला गेल्या. त्वचादान ही त्यांचीच इच्छा. त्वचा सहा तासांच्या आत घ्यावी लागते, म्हणून लगेच त्वचापेढीला, म्हणजे दान केलेली त्वचा साठवून भाजलेल्या रुग्णांसाठी देणाऱ्या केंद्राला, फोन केला. डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला मिळवण्यातच आमचा तास गेला, पण सातच्या आत टीम डोंबिवलीला दारात हजर!

वन्सं रडत होत्या, "आईला सोलणार का गं?" सिस्टरनं त्यांना शेजारी बसवून सांगितलं, पाठ, मांड्या आणि पोटऱ्यांवरचा अगदी पातळ पापुद्रा निघतो, चेहऱ्याला हात लागत नाही. पाऊण तासात काम झालं. पट्ट्या इतक्या नीट बांधल्या होत्या की नऊवारी नेसवल्यावर काही कळलंसुद्धा नाही.

ही त्वचा ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, ४ ते ८ अंशांवर, पाच वर्षांपर्यंत टिकते. रक्तगट जुळावा लागत नाही. भाजलेल्याच्या अंगावर ती कायमची राहत नाही, पण काही आठवडे जखम झाकते, वेदना आणि जंतुसंसर्ग कमी करते. तेवढ्यात माणूस सावरतो.

पेढीचा नंबर आजच फ्रिजवर चिकटवून ठेवा. त्या वेळी शोधायला सुचत नाही.