भारत गृह रक्षा: घर दुरुस्तीला काढताना कितपत कामाची?

खानापूर-शहापूरकडं मंगळुरी कौलं उतरवून स्लॅब टाकणाऱ्यांना घराच्या विम्याची ही पॉलिसी बरी, पण अपुरी. विम्याची रक्कम काढायला चटई क्षेत्राला, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेला, बांधकामाच्या दरानं गुणायचं: १००० चौरस फूट, दर फुटाला २००० रुपये धरला तर २० लाख. घरातल्या सामानाला आपोआप त्याच्या २० टक्के, कमाल १० लाख. हे मात्र झकास. मजला चढवलात तर लेखी कळवून रक्कम वाढवून घ्या.

खरी गोम पुढं. पाया खणताना जमीन खचली, शेजारच्या मातीच्या भिंतीला बोटभर तडा गेला, तर भरपाई नाही. परांचीवरून गवंडी पडला तरी नाही. त्यासाठी कंत्राटदाराकडं कामगार विम्याची प्रत मागा. ‘आहे की ओ’ एवढ्यावर भागवू नका. आणि प्रतीवरची मुदत कामाच्या शेवटापर्यंत आहे का, तेही बघा.